कुर्लीच्या पुड्या

हाक मारली की कुर्ली ओ देत होती. त्यापुढे मात्र एक शब्द बोलत नव्हती.

चैत्रालीने पडद्यावर पुन्हा लिहिलं, "कुर्ली?" थोड्या वेळाने समुद्राच्या तळातून उत्तर वर आलं, "ओ." मग तिने लिहिलं, "काय दिसतंय ते सांग." पडदा कोराच राहिला. सकाळपासून हेच चाललं होतं. रुसलेलं मूल नाव घेतल्यावर मान वर करतं आणि 'काय झालं' म्हणून विचारलं की पुन्हा खाली घालतं, तसं.

पण कुर्ली मूल नव्हती. ती कासवली बंदराच्या मच्छीमार संस्थेची यंत्रमानव होती, घमेल्याएवढी, खेकड्यासारखी तिरकी चालणारी. समुद्राच्या तळाशी खडकांत जुनी, बेवारशी जाळी अडकून राहिलेली असतात. त्यांत कासवं गुरफटतात, आणि श्वास घ्यायला वर येता आलं नाही की मरतात. अशी जाळी शोधायची, त्यांचा फोटो आणि आपल्या चालण्याची नोंद वर पाठवायची, हे कुर्लीचं काम. मग होड्या नेमक्या त्या जागी जात आणि जाळं ओढून काढत.

आज तिला "वर ये" म्हणून सांगितलं, तर "ओ" म्हणाली आणि आली नाही. म्हणजे कुठेतरी अडकली होती. कुठे, ते कळायला मार्ग नव्हता. उपग्रहाचे संदेश पाण्याखाली पोचत नाहीत, त्यामुळे "जागा?" या प्रश्नाला तिने "ठाऊक नाही" एवढंच कळवलं होतं. ती कुठून कुठे वळत गेली याची नोंद मिळाली असती तर जागा काढता आली असती. पण ती नोंदच येत नव्हती. पाणी इतकं गढूळ होतं की पाणबुड्याला दोन हातांपलीकडचं दिसलं नसतं. आणि कुर्लीची बॅटरी फार तर सूर्यास्तापर्यंत पुरणार होती. त्यानंतर ओसुद्धा आली नसती.

बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याच्या एका रिकाम्या खोलीत ही सगळी यंत्रं मांडलेली होती. खोली चैत्रालीच्या वसुधाआत्याची. यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलावं याचा अभ्यास करण्यात आत्याची बरीच वर्षं गेली होती, आणि आता ती गावी परतून संस्थेचं काम बघत होती. सातवीतली चैत्राली शाळा सुटली की तिथेच असायची, आणि आज सुट्टी म्हणून सकाळपासूनच होती. आत्या तिला हाताखाली घेऊन शिकवायची, आणि चैत्राली चटकन शिकायची. चटकन शिकते याचं तिला थोडं कौतुकही होतं.

आत्या निरोपाची वाट बोटाने दाखवत एकेक ठिकाण तपासत होती. कुर्लीपासून वर तरंगणाऱ्या बोयापर्यंतचा पहिला टप्पा आवाजाचा. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात लगेच विरतात, म्हणून तिथे ध्वनीच लागतो. ही वाट अरुंद. बोयापासून खोलीपर्यंतचा दुसरा टप्पा रेडिओचा. ही वाट ऐसपैस. बोया ठीक होता. रेडिओ ठीक होता. आत्याने एकेक शंका खोडत आणली.

या वाटेवरून निरोप नेणारा प्रोग्रॅम आत्यानेच लिहिला होता. त्याचं नाव निरोप्या. इतर प्रोग्रॅम त्याला एका इंटरफेसमधून काम सांगत (इंटरफेस म्हणजे टपाल कचेरीतल्या खिडकीसारखी ठरलेली जागा. पत्र आत सरकवायचं. आत काय चालतं ते बाहेरच्याला ठाऊक असायची गरज नसते). निरोप्या मोठा निरोप कधी अख्खा पाठवत नसे. तो त्याची पॅकेटं करी (पॅकेट म्हणजे पत्ता आणि अनुक्रमांक घातलेला निरोपाचा तुकडा). आत्या त्यांना पुड्या म्हणायची. पुडी पोचली की पलीकडून पोच येते. पोच आली नाही तर निरोप्या तीच पुडी पुन्हा पाठवतो.

पुडी केवढी बांधायची ते खिडकीशी सांगता येतं. पण बहुतेक जण सांगत नाहीत. त्यांच्यासाठी निरोप्याकडे एक आकडा आधीच ठरवून ठेवलेला होता. त्याला डिफॉल्ट म्हणतात (आपण गप्प राहिलो तर आपोआप लागू होणारा आकडा). तो होता चौसष्ट बाइट (बाइट हे संगणकातल्या मजकुराचं छोटं माप. एका मराठी अक्षराला निदान तीन बाइट लागतात).

"पुड्या चौसष्टच्याच आहेत," आत्या स्वतःशी म्हणाली, "म्हणजे ती शंका नको." मग मान वळवून तिने सहज विचारलं, "चैत्रा, निरोप्यात तू काही बदललं नव्हतंस ना?"

"नाही," चैत्राली म्हणाली.

शब्द इतका पटकन बाहेर पडला की आधी तो तिलाच ऐकू आल्यासारखा वाटला नाही. मग कान तापले.

तिने बदललं होतं. मागच्या आठवड्यात संस्थेची माणसं खोली बघायला येणार होती. कुर्ली तेव्हा टेबलावरच ठेवलेली होती आणि तिचा फोटो पडद्यावर रेडिओवरून पट्टीपट्टीने, रेंगाळत येत होता. चैत्रालीने निरोप्या उघडून पाहिला, तर आत हा चौसष्ट. चौसष्ट म्हणजे अगदीच चिमूटभर. प्रत्येक पुडीला पत्ता, प्रत्येक पुडीची पोच, मग वेळ लागणारच. आकड्याच्या बाजूला त्याचं कारण काही लिहिलेलं नव्हतं. जुन्या काळच्या मंद यंत्रांसाठी कोणीतरी टाकलेला आणि मग काढायचा राहिलेला आकडा असेल, असं तिला वाटलं. तिने तो चौदाशे केला आणि कुर्लीतही तोच निरोप्या भरला. फोटो पडद्यावर झर्रकन उमटला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने कसं केलंस म्हणून विचारलं, तेव्हा "थोडं नीटनेटकं केलं" एवढंच ती म्हणाली. आकडा आत्याचा होता आणि तो न विचारता बदलला होता, हे सांगितलं असतं तर टाळ्या थोड्या कमी झाल्या असत्या. त्यानंतर कुर्ली पाण्यात उतरली ती आजच.

दुपारी भिवाकाका तोरसकर आत आले. होडीतून कुर्लीला पाण्यात सोडायचं काम त्यांचं. होडीवर तुषार नावाचा पोरगा त्यांच्या हाताखाली असे. आज दोरी सोडताना कुर्ली होडीच्या काठावर आपटली होती, आणि तेव्हापासून ते मान वर करत नव्हते. त्यांनी पेजेचा टोप आणला होता. आत्याने वाढून घेतली. चैत्रालीने एक घोट घेतला आणि ती अळणी लागली म्हणून काही न बोलता मिठाकडे हात नेला. भिवाकाका कधीच टोपात मीठ घालत नसत. कोणाला जास्त लागतं, कोणाला डॉक्टरांनी बंद केलेलं असतं. "टोपात घातला की मगे काढतलंस कसा?" असं त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. आज मात्र ते स्वतः जेवलेही नाहीत. हात मांडीवर ठेवून बसले.

"वसुधा," ते शेवटी म्हणाले, "माझ्याच हातातसून आपाटली ती. हात आता थरथरतत. फुडच्या खेपेक तुषार दोरी धरतलो. मी सांगलंय त्याका."

आत्याने त्यांना समजावलं, की एवढ्याशा धक्क्याने कुर्लीला काही होत नाही. पण मग काय झालंय, हे तिलाही सांगता येत नव्हतं, आणि भिवाकाकांना ते बरोबर समजलं. ते उठून गेले. टोप तिथेच राहिला.

चैत्रालीने पेज बाजूला ठेवली. भिवाकाकांच्या हातांकडे तिने आजवर नीट पाहिलं नव्हतं. सुरकुतलेले, दोरीने घट्टे पडलेले, आणि खरंच जरासे थरथरणारे. पण ते थरथरणं कालही तसंच असणार.

आत्या बोयाची दोरी बघायला धक्क्यावर गेली. खोलीत चैत्राली एकटी उरली. तिला अजून खात्री नव्हती. कदाचित आकड्याचा यात काही संबंध नसेल. ती मनातून तशी प्रार्थनाच करत होती. तिने कुर्लीला लिहिलं, "दहापर्यंत मोज."

थोड्या वेळाने आलं: १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९ १०.

"शंभरपर्यंत मोज."

काहीच नाही. ती वाट बघत राहिली, खिडकीवरून एक कावळा उडून गेला, तरी काही नाही.

"दहापर्यंत मोज." लगेच दहापर्यंत आले.

आता संशयाला जागा नव्हती. लहान उत्तर येत होतं, मोठं येत नव्हतं. ओ, ठाऊक नाही, दहापर्यंतचे अंक, हे सगळं चौसष्ट बाइटांत बसत होतं. शंभरपर्यंतचे अंक, फोटो, चालण्याची नोंद, यांच्या चौदाशे बाइटांपर्यंतच्या पुड्या होत होत्या, आणि अरुंद वाटेच्या तोंडाशी असलेलं ध्वनियंत्र त्या सरळ टाकून देत होतं. टाकल्या म्हणून कळवतही नव्हतं. कुर्लीला पोच येत नव्हती, म्हणून ती बिचारी तीच न मावणारी पुडी पुन्हा पुन्हा पुढे करत होती आणि त्यात बॅटरी संपत होती. ती गप्प नव्हतीच. सकाळपासून ती ओरडून सांगत होती.

उपायही सोपा होता. "पुडी ६४" एवढा छोटा हुकूम त्या वाटेने सहज गेला असता. चैत्रालीने तो लिहिलासुद्धा. बोट कळीवर ठेवलं.

आणि तेव्हा तिच्या मनात आलं, की कोणाला काही कळणारच नाही. कुर्ली बोलू लागेल. आत्या म्हणेल, धक्क्याने काहीतरी सैल झालं होतं, आपोआप बसलं. सगळे खूश होतील. फक्त भिवाकाका दोरी धरणार नाहीत. पुढच्या खेपेलाही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्यांचे हात संपले असं ते जन्मभर मानतील, आणि ते तसं मानत राहतील म्हणूनच चैत्राली सुटेल.

तिने बोट उचललं. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. ती लाज आकडा बदलल्याची नव्हती. बोट क्षणभर तिथे थांबलं होतं, त्याची होती.

आत्या आत आली तेव्हा ती तशीच बसली होती.

"चैत्रा?"

"ओ."

"काय झालं?"

चैत्रालीने तोंड उघडलं. सांगायचं होतं ते सगळं एकदम वर आलं, टाळ्या, चौदाशे, 'नाही', भिवाकाका, आणि बाहेर काहीच पडलं नाही. आत्याने पुन्हा हाक मारली. पुन्हा ओ. आत्या तिच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि तिने तिच्याकडे नीट पाहिलं.

"कुर्लीसारखं करते आहेस," ती हळू आवाजात म्हणाली. "एवढं मोठं एकदम बाहेर येत नसेल तर पुड्या कर. एकेक दे."

चैत्रालीने एक पुडी केली. "मी आकडा बदलला."

"पोचलं. कुठला?"

"चौसष्टचा."

"पोचलं. किती केलास?"

"चौदाशे."

आत्याचे डोळे पडद्याकडे गेले. तिथे कळ दाबायची राहिलेला हुकूम तसाच होता. पण ती उठली नाही. "पोचलं. पुढची?"

"तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणाले."

या पुडीची पोच यायला वेळ लागला. बाहेर बर्फाच्या लाद्या फोडल्याचा आवाज येत होता. चैत्राली आपल्या पायांकडे बघत होती.

"पोचलं," आत्या म्हणाली. तिचा आवाज थोडा बदलला होता. "त्याचं मला वाईट वाटलं. आकड्याचं नाही. आकड्यात माझीही चूक आहे, ते नंतर बोलू. आता कळ दाब."

चैत्रालीने कळ दाबली. काही वेळ काहीच घडलं नाही. मग पडद्याच्या माथ्यावर हिरवट रंगाची एक बारीक पट्टी उमटली. तिच्याखाली दुसरी. पोच, पुडी, पोच, पुडी. जी रेंगाळणारी पट्टीपट्टी मागच्या आठवड्यात चैत्रालीला नकोशी झाली होती, तिच्यावरून आता तिची नजर हलत नव्हती. खडक दिसला, जाळ्याचे निळे धागे दिसले, आणि त्यांत गुंतलेला कुर्लीचा स्वतःचा पाय. शेवटी चालण्याची नोंद आली. आत्याने ती नकाशावर मांडली. कुर्ली वेंगुर्ल्याच्या दिशेच्या काळ्या खडकाच्या पोटाशी होती.

आत्याने होडीला कळवायला रेडिओ उचलला.

"मी सांगते," चैत्राली म्हणाली. "धक्क्यावर जाऊन."

भिवाकाका होडीपासून लांब, एका उलट्या घातलेल्या टोपलीवर बसले होते. होडीत तुषार दोरीची वेटोळी लावत होता. चैत्राली धावत आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. इथेही शब्द अडले, पण आता तिला युक्ती ठाऊक होती.

"काका, कुर्ली आपटली म्हणून बिघडली नाही."

त्यांनी मान वर केली.

"मी तिच्यातला एक आकडा बदलला होता. म्हणून तिचं बोलणं वाटेत पडत होतं. सकाळी आत्याने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. तुम्ही तिथे बसला होतात, तेव्हाही मी गप्प बसले."

तुषारचे हात थांबले होते. मग भिवाकाकांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले, बाजारात मासळी बघतात तसे.

"म्हणजे ह्ये बरे असत?" त्यांनी विचारलं.

"बरे आहेत. कालच्यासारखेच."

"गो चेडवा, कालच्यासारखे म्हणजे थरथरतच," ते म्हणाले, पण उठले. होडीत पाय टाकता टाकता वळून म्हणाले, "निरोपाच्यो पुड्यो सोडूक वसुधान शिकवलान. दुसऱ्यो पुड्यो तुझ्यो तूच शिकलंस."

तुषार फिसकन हसला. पुड्या सोडणं म्हणजे थापा मारणं, हे कासवलीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. चैत्रालीचा चेहरा पेटला. पण ते खरंच होतं, म्हणून ती तिथून हलली नाही.

दिवस मावळायला टेकला असताना भिवाकाकांचा लोखंडी गळ जाळ्यात रुतला. दोरी त्यांच्याच हातात होती. जाळं वर आलं, त्यात खूप शेवाळ, एक तुटका डबा आणि आपला पाय धरून बसलेली कुर्ली.

दुसऱ्या दिवशी आत्या आणि चैत्राली निरोप्या उघडून बसल्या. आत्याने विचारलं, की भिवाकाका टोपात मीठ का घालत नाहीत. चैत्रालीला उत्तर पाठ होतं. कमी पडलं तर वरून घेता येतं, जास्त पडलं तर काढता येत नाही.

"डिफॉल्ट तसा हवा," आत्या म्हणाली. "जो खिडकीशी काही बोलत नाही, त्याला बहुधा वाटेबद्दल काही ठाऊकच नसतं. त्याच्यासाठी आकडा असा ठेवायचा, की वाटेतल्या सगळ्यात अरुंद जागेतूनही पुडी जाईल. थोडा वेळ जास्त लागेल, पण पोचेल. ज्याला वाट माहीत आहे त्याने मोठी पुडी मागून घ्यावी. तुला टेबलावर मोठी हवी होती, तर तेवढ्यापुरती मागायची. तू टोपातच मीठ घातलंस."

चैत्रालीने मान हलवली. मग आत्याने आपली चूक सांगितली. आकड्याच्या बाजूला तिने कारण लिहिलं नव्हतं, म्हणून तो अडगळीतला वाटला. शिवाय पुडी मावली नाही तर ध्वनियंत्र ती गुपचूप टाकत होतं, आणि खिडकी त्यावर काही बोलत नव्हती.

दोघींनी मिळून ते बदललं. चौसष्ट परत आला. कोणी मोठी पुडी मागितली तर निरोप्या आधी थोड्या थोड्या मोठ्या रिकाम्या पुड्या पाठवून वाट चाचपून बघेल, आणि मावत नसेल तर खिडकीवर स्पष्ट सांगेल: 'ही पुडी या वाटेत बसत नाही.' आकड्याच्या बाजूला चैत्रालीने स्वतः दोन ओळी लिहिल्या. 'पाण्याखालची वाट यापेक्षा मोठी पुडी नेत नाही. हा आकडा जुना नाही, अरुंद वाटेसाठी आहे.' तिसरी ओळ लिहावी की नाही याचा तिने जरा विचार केला आणि लिहिली. 'एकदा बदलला होता, तेव्हा कुर्ली हरवता हरवता राहिली. चैत्राली.'

आत्याने ती वाचली आणि राहू दिली. मग तिने सांगितलं, की गुरूच्या एका चंद्रावर बर्फाच्या जाड कवचाखाली समुद्र असावा असं वैज्ञानिकांना वाटतं. कधीतरी तिथेही एखादी कुर्ली उतरेल. तिला चालवणारं मूल कदाचित अजून जन्मालाही आलेलं नसेल. ते निरोप्याच्या खिडकीशी येईल आणि पुडीबद्दल चकार शब्द काढणार नाही, कारण त्याला दुसरंच काहीतरी बघायची घाई असेल. तरी त्याचा निरोप पोचला पाहिजे.

पुढच्या खेपेला कुर्ली पाण्यात सोडायची होती तेव्हा सगळा धक्का जमला. भिवाकाकांनी दोरी हातात घेतली, हात थोडे थरथरले, आणि त्यांनी मागे वळून हाक मारली.

"गो पुडीवाली, हय ये. दुसरा टोक धर."

सगळे हसले. हे नाव आता तिला वर्षभर तरी सुटणार नव्हतं. चैत्रालीचे कान तापले.

"ओ," ती म्हणाली, आणि टोक धरायला गेली.